पन्नासावं मत कुणाचं?

"असल्या मित्रापेक्षा उघड शत्रू परवडला." अमेरिकेच्या राजकारणावर गप्पा रंगल्या की हे वाक्य हमखास येतं. न्यू जर्सीत पंचवीस वर्षं काढलेल्या मराठी माणसाच्या तोंडून येतं, आणि पुण्यात बसून तिकडच्या बातम्यांचा रतीब लावलेल्याच्या तोंडूनही येतं. 'असले मित्र' म्हणजे जिथे आपल्या पक्षाला कुणी विचारत नाही, अशा राज्यांतून निवडून आलेले मध्यममार्गी सिनेटर. वेस्ट व्हर्जिनियाचे जो मॅन्चिन, मोंटानाचे जॉन टेस्टर, नॉर्थ डकोटाच्या हायडी हाइटकॅम्प हे डेमोक्रॅट; पलीकडच्या बाजूला मेनच्या रिपब्लिकन सुझन कॉलिन्स. मोठं विधेयक आलं की ही मंडळी अडतात, घासाघीस करतात, कधी सरळ विरोधकांबरोबर मत देतात. मग त्यांना गद्दार ठरवलं जातं. पुढच्या वेळी पक्षानेच त्यांना पाडावं अशी मागणी होते. आणि ते पडले की "बरं झालं, कीड गेली" म्हणून सुस्कारा टाकला जातो.

कीड गेली म्हणणाऱ्यांनी त्या हंगामात पीक किती हाती आलं तेही मोजावं, एवढंच मला सांगायचं आहे. या आरोपात तीन दावे एकत्र बांधलेले आहेत. हे लोक पक्षाचं काम अडवतात, हा पहिला. मवाळपणा करूनही शेवटी ते हरतातच, मग त्याचा उपयोग काय, हा दुसरा. आणि त्यांना तत्त्वच नसतं, खुर्ची हेच त्यांचं तत्त्व, हा तिसरा. तिन्ही नीट तपासायला हवेत.

पहिल्या दाव्यासाठी सिनेटचं गणित मांडू. जागा १००, प्रत्येक राज्याला दोन. जवळपास चार कोटी वस्तीच्या कॅलिफोर्नियाला दोन आणि सहा लाखही वस्ती नसलेल्या वायोमिंगलाही दोनच. कॅलिफोर्नियात तुम्ही ६० टक्के मतं मिळवा नाहीतर ८० टक्के, सिनेटर दोनच येणार. आता, २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत डोनाल्ड ट्रम्प यांनी जिंकलेली राज्यं आहेत २५. तिन्ही वेळा डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल देणारी १९. उरलेली सहा कधी इकडे, कधी तिकडे. हक्काची १९ आणि काठावरची सहा, अशा सगळ्या राज्यांतली एकूण एक जागा डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकली तरी बेरीज होते बरोबर ५०. त्यापुढचं प्रत्येक मत प्रतिकूल राज्यातूनच आणावं लागतं. काठावरची एखादी जागा निसटली तर पन्नासावं मतसुद्धा तिथूनच आणावं लागतं.

हे एकेकाळी कसं जमत होतं ते २००९ च्या डिसेंबरात दिसलं. २४ तारखेला, नाताळच्या आदल्या दिवशी, ओबामांचा आरोग्यविमा कायदा सिनेटने ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केला. चर्चा अनंतकाळ लांबवण्याचा विरोधकांचा डाव मोडायला ६० मतं लागत होती आणि ती नेमकी ६० होती. त्या साठांतले १८ सिनेटर मी वर सांगितलेल्या २५ राज्यांतले होते. यातली पाच राज्यं २००८ साली ओबामांनी जिंकली होती, हे मान्य. त्या पाचांचे पाच सिनेटर बाजूला ठेवले तरी १३ उरतात, आणि ते आर्कान्सा, लुइझियाना, नेब्रास्का, मोंटाना, वेस्ट व्हर्जिनिया, दोन्ही डकोटा अशा राज्यांचे, जिथे ओबामा स्वतः हरले होते. हे तेरा वजा केले तर उरतात ४७. आज कोट्यवधी अमेरिकनांना ज्या कायद्यामुळे विमा मिळतो, तो या घासाघीस करणाऱ्या, अडखळणाऱ्या, पक्षातल्यांना नकोशा झालेल्या तेरांच्या मतांवर उभा आहे.

या मताची किंमत त्यांनी मोजली. आर्कान्सातल्या ब्लँच लिंकन यांना २०१० साली आधी स्वतःच्याच पक्षातल्या उमेदवाराशी लढावं लागलं. कामगार संघटनांनी त्यांना पाडायला सुमारे एक कोटी डॉलर खर्च केले. ती फेरी त्या जिंकल्या, पण नोव्हेंबरात रिपब्लिकन जॉन बूझमन यांच्याकडून सुमारे २१ टक्क्यांनी हरल्या. आर्कान्साचे मार्क प्रायर आणि लुइझियानाच्या मेरी लँड्र्यू २०१४ साली पडले. त्यानंतर या दोन्ही राज्यांतून एकही डेमोक्रॅट सिनेटवर गेलेला नाही. ज्यांना लिंकन पुरेशा पुरोगामी वाटत नव्हत्या, त्यांनी बूझमन यांच्याकडून गेल्या पंधरा वर्षांत काय मिळवलं, हे त्यांनीच सांगावं.

आता मॅन्चिन. त्यांच्यावरचा राग मी समजू शकतो. १९ डिसेंबर २०२१ रोजी फॉक्स न्यूजवर जाऊन त्यांनी बायडेन यांच्या सर्वांत मोठ्या विधेयकावर पाणी ओतलं. पण पुढच्या वर्षीचा ७ ऑगस्ट आठवा. त्या दिवशी सिनेटने हवामानबदल आणि औषधांच्या किमतींबाबतचा कायदा ५१ विरुद्ध ५० मतांनी मंजूर केला. एक्कावन्नावं मत उपराष्ट्राध्यक्षा कमला हॅरिस यांचं होतं आणि पन्नासावं मॅन्चिन यांचं. स्वच्छ ऊर्जा आणि हवामानासाठी सुमारे ३६९ अब्ज डॉलर; मेडिकेअर या सरकारी विम्यावरच्या वृद्धांना इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर पडणार नाही ही हमी; औषधकंपन्यांशी किमतीची वाटाघाटी करण्याचा मेडिकेअरला पहिल्यांदा मिळालेला अधिकार. हे सगळं कोळशाच्या खाणींवर जगलेल्या, २०२० साली ट्रम्प यांना जवळपास ६९ टक्के मतं देणाऱ्या राज्याच्या सिनेटरने 'हो' म्हटलं म्हणून झालं. फुप्फुसं काळी पडलेल्या खाणकामगारांच्या निधीसाठीचा करही त्याच कायद्याने कायमचा झाला. मॅन्चिन नसते तर त्यांच्या जागी कॅलिफोर्नियातला पुरोगामी आला नसता. २०२४ साली ते उभे राहिले नाहीत आणि ती जागा रिपब्लिकन जिम जस्टिस यांनी सुमारे ६९ टक्के मतांनी घेतली. पर्याय हा होता.

दुसरा दावा अधिक हुशारीने मांडला जातो. मवाळ राहूनही टेस्टर हरले, हाइटकॅम्प हरल्या. मग सरळ ठाम भूमिका घेऊन लढले असते तर निदान कार्यकर्ते तरी जागे झाले असते, असं म्हणतात. या म्हणण्याची परीक्षा झालेली आहे, आणि ती वेस्ट व्हर्जिनियातच झाली. पॉला जीन स्वेरेंजिन या खाणकामगाराच्या घरातल्या, ठाम पुरोगामी उमेदवार. २०१८ साली पक्षांतर्गत निवडणुकीत त्या मॅन्चिन यांच्याविरुद्ध हरल्या. २०२० साली पक्षाची उमेदवारी त्यांना मिळाली आणि सिनेटच्या दुसऱ्या जागेसाठी त्या लढल्या. मतं पडली २७ टक्के. त्याच दिवशी, त्याच राज्यात बायडेन यांना जवळपास ३० टक्के मिळाली होती. म्हणजे बायडेन यांना ज्यांनी मत दिलं त्यातल्यासुद्धा सगळ्यांनी त्यांना दिलं नाही. मॅन्चिन २०१८ साली याच राज्यात सुमारे १९ हजार मतांनी जिंकले होते. त्याआधी दोनच वर्षं ट्रम्प तिथे ४२ टक्क्यांच्या फरकाने जिंकले होते. या दोन निकालांमधलं अंतर म्हणजे मध्यममार्गाची कमाई आहे. हातच्या कांकणाला आणखी कोणता आरसा हवा?

हरलेल्यांचंही माप असंच घ्यायला हवं. टेस्टर बिग सँडी नावाच्या लहानशा गावाजवळचे शेतकरी. नऊ वर्षांचे असताना घरच्या खाटीकखान्यातल्या यंत्रात डाव्या हाताची तीन बोटं गेली. उरलेल्या बोटांनी ते ट्रम्पेट वाजवायला शिकले, गावच्या शाळेत संगीत शिकवलं, शेती कधी सोडली नाही. सिनेटमध्ये माजी सैनिकांच्या समितीचे अध्यक्ष असताना, लष्करी तळांवर जाळल्या जाणाऱ्या कचऱ्याच्या विषारी धुरात आजारी पडलेल्या सैनिकांना उपचार देणारा कायदा २०२२ साली त्यांनी विरोधकांना बरोबर घेऊन तडीस नेला. २०२४ साली ट्रम्प मोंटानात सुमारे २० टक्क्यांनी जिंकले. टेस्टर ७ टक्क्यांनी हरले. वरच्या खान्यात ट्रम्प यांच्यावर खूण करून खालच्या खान्यात या डेमोक्रॅट शेतकऱ्याकडे वळलेली माणसं शेकड्याला सहा-सात तरी असल्याशिवाय १३ टक्क्यांची ही दरी भरत नाही. हा पराभव पाहून "मध्यममार्ग चालत नाही" असा निष्कर्ष काढणं म्हणजे पुराच्या पाण्यात बारा हात पोहून तेराव्या हाताला दमलेल्या माणसाला पोहणंच येत नव्हतं, असं म्हणणं.

पूर वाढतो आहे, हे मात्र खरं. नॉर्थ डकोटाने १९६४ नंतर एकाही डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाला कौल दिला नाही, तरी केंट कॉनरॅड आणि बायरन डॉर्गन हे त्या राज्याचे दोन्ही सिनेटर वर्षानुवर्षं डेमोक्रॅट होते. माणूस ओळखीचा आहे ना, आपल्या गव्हाचा आणि बीटाचा प्रश्न लावून धरतो ना, मग पक्ष कोणता हे लोक दुसऱ्या नंबरावर ठेवत. आता प्रत्येक जागेची निवडणूक अख्ख्या देशाची होते. २०१६ साली तर सिनेटच्या प्रत्येक लढतीत राष्ट्राध्यक्षपदाला जो पक्ष त्या राज्यात जिंकला त्याचाच उमेदवार निवडून आला. २०२० साली याला एकच अपवाद होता: मेनमध्ये बायडेन सुमारे ९ टक्क्यांनी जिंकले आणि कॉलिन्सही तितक्याच फरकाने जिंकल्या.

हे दोन्ही पक्षांना लागू आहे, म्हणूनच मी हा फक्त एका बाजूचा विषय मानत नाही. ऱ्होड आयलंडचे लिंकन चेफी हे इराक युद्धाच्या ठरावाला विरोध करणारे २००२ सालचे एकमेव रिपब्लिकन सिनेटर. युद्धाला कंटाळलेल्या मतदारांनी २००६ साली त्यांनाच घरी पाठवलं, कारण सिनेट रिपब्लिकनांच्या हातून काढून घ्यायची होती. सुक्याबरोबर ओलंही जळालं. ज्या माणसाने आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला एकट्याने 'नाही' म्हटलं, त्याच्यासारखा माणूस त्या पक्षात पुन्हा निपजायला कुठलं कारण उरलं?

तिसरा दावा तत्त्वांचा. इथे मला काही गोष्टी कबूल करायच्या आहेत, कारण त्या लपवून केलेला प्रतिवाद टिकत नाही. २०२१ साली मुलांसाठी वाढीव करसवलतीचे पैसे अमेरिकेत घरोघरी पोचत होते, सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलर. मॅन्चिन यांच्या नकाराने ती योजना संपली. बालदारिद्र्याचं प्रमाण २०२१ साली ५.२ टक्क्यांवर आलं होतं, ते पुढच्याच वर्षी १२.४ टक्क्यांवर गेलं. वेस्ट व्हर्जिनियाची गरीब मुलंही त्यात होती. "माझं राज्य असं आहे" ही सबब इथे चालत नाही. कॉलिन्स यांनी २०१८ साली ब्रेट कॅव्हनॉ यांना सर्वोच्च न्यायालयात पाठवायला मत दिलं. गर्भपाताचा हक्क ते मोडणार नाहीत असा विश्वास त्यांनी सभागृहात बोलून दाखवला. २४ जून २०२२ रोजी तो हक्क मोडणाऱ्या निकालात कॅव्हनॉ होते. पक्षाची विधेयकं अडवणाऱ्या ॲरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा यांची तर गोष्टच वेगळी. त्याच राज्यात मार्क केली पक्षाबरोबर ठाम राहून २०२२ साली निवडून आले. सिनेमा यांच्या अडवणुकीला राज्याची प्रतिकूलता हे कारण नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं 'मध्यममार्गी' ही पाटी लावली की सगळं माफ, असं नाही. मापाला तीन प्रश्न पुरेत. राज्य खरोखर किती प्रतिकूल आहे? हा माणूस गेला तर त्याच्या जागी कोण येईल? आणि जिथे त्याचं मत निर्णायक होतं, तिथे ते कुठे पडलं? या मापाने सिनेमा नापास होतात. मॅन्चिन काही विषयांत नापास होऊनही एकूण उत्तीर्ण होतात. आणि काही जण तर असे पास होतात की मान झुकवावी.

अलाबामाचे डग जोन्स पाहा. २०१७ च्या डिसेंबरात, अत्यंत रिपब्लिकन राज्यात, दोन टक्क्यांहून कमी फरकाने ते निवडून आले. ५ फेब्रुवारी २०२० रोजी ट्रम्प यांच्या महाभियोगात त्यांनी दोन्ही कलमांवर 'दोषी' असं मत दिलं. त्याच वर्षी निवडणूक होती. ते सुमारे २० टक्क्यांनी हरले. हाइटकॅम्प यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये, निवडणूक महिन्यावर आलेली असताना, कॅव्हनॉ यांच्याविरुद्ध मत दिलं आणि त्या सुमारे ११ टक्क्यांनी पडल्या. केंटकीचे गव्हर्नर अँडी बेशियर यांनी २०२३ साली, निवडणुकीच्याच वर्षी, पारलिंगी मुलांचे उपचार रोखणारं विधेयक नकाराधिकाराने परत पाठवलं. विधिमंडळाने तो नकार मोडून काढला, पण ज्या राज्यात ट्रम्प २६ टक्क्यांनी जिंकले होते तिथे बेशियर ५ टक्क्यांनी पुन्हा निवडून आले. हक्काच्या मतदारसंघात बसून ठाम राहणं सोपं असतं. या तिघांचं ठाम राहणं कुठे घडलं ते पाहिलं की त्याची किंमत कळते.

आपल्या मराठी वाचकांच्या बाबतीत गल्लत आणखी एका कारणाने होते. आपल्याकडे १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी कायदा आला. पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे पक्षात राहून, एखाद्या विधेयकावर आपल्या मतदारसंघाकडे पाहून उघडपणे वेगळं मत देणारा आमदार किंवा खासदार आपण जवळजवळ पाहिलेलाच नाही. आपण पाहिले ते गटाने बाहेर पडून सरकारं पाडणारे. जून २०२२ नंतर 'गद्दार' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. तोच शब्द आपण उचलून मॅन्चिन, टेस्टर, कॉलिन्स यांना चिकटवतो. मॅन्चिन यांनी मे २०२४ मध्ये अपक्ष म्हणून नोंद केली खरी, पण तोवर पुन्हा लढणार नाही हे त्यांनी सांगून टाकलं होतं. त्याआधीची तेरा-चौदा वर्षं त्यांची नावानिशी नोंदलेली मतं कुणालाही तपासता येतात. दिवसाढवळ्या, नाव पुकारल्यावर दिलेल्या मताला गद्दारी म्हणत नाहीत. प्रतिनिधित्व या शब्दाचा अर्थच तो आहे.

२८ जुलै २०१७ ची रात्र आठवते का? ओबामांचा आरोग्यविमा कायदा मोडण्याचं विधेयक मध्यरात्र उलटून गेल्यावर सिनेटमध्ये मताला आलं. ते मंजूर झालं असतं तर दहा वर्षांत आणखी १ कोटी ६० लाख लोक विम्याविना राहिले असते, असा संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. रिपब्लिकन जॉन मॅक्केन पुढे आले आणि त्यांनी अंगठा खाली केला. तो अंगठा जगाने पाहिला. त्यांच्याबरोबर कॉलिन्स आणि अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की या दोन रिपब्लिकन होत्या. विधेयक ४९ विरुद्ध ५१ असं पडलं. काही तासांनी कॉलिन्स मेनमधल्या बँगोरच्या विमानतळावर उतरल्या तेव्हा तिथल्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या ५१ मतांत मॅन्चिन होते, हाइटकॅम्प होत्या, टेस्टर, इंडियानाचे जो डॉनेली आणि मिझुरीच्या क्लेअर मॅकॅस्किल होत्या. या पाच राज्यांत ट्रम्प १८ ते ४२ टक्क्यांनी जिंकले होते आणि पुढच्याच वर्षी पाचही जणांना तिथेच मतं मागायला जायचं होतं. पाचही जण हलले नाहीत. तिघे पडले. त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्याचं कुठे वाचनात आलं नाही.

मराठी वाचकांपैकी अनेकांची मुलं, भाचरं, मित्र अमेरिकेत मतदार आहेत, आणि त्यातले बहुसंख्य न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सस, इलिनॉय अशा मोठ्या राज्यांत राहतात. कॅलिफोर्नियातल्या सुरक्षित जागी बसून वेस्ट व्हर्जिनियाच्या सिनेटरने कसं बोलावं हे ठरवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. टीका जरूर करा. मुलांच्या तोंडचा घास काढला तर तसं खडसावून सांगा. पण देणगी देताना, पक्षाच्या बैठकीत हात वर करताना आधी एवढं विचारा की हा माणूस पडला तर पन्नासावं मत कुणाचं असेल.

या प्रश्नाचं उत्तर आता मिळालेलं आहे. १ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांचं करकपातीचं आणि मेडिकेड या गरिबांसाठीच्या विमायोजनेतल्या कपातीचं विधेयक सिनेटमध्ये मताला आलं. त्याने दहा वर्षांत सुमारे एक कोटी लोक विम्याविना होतील, असं अर्थसंकल्प कार्यालयाचं अनुमान आहे. तीन रिपब्लिकनांनी विरोधात मत दिलं. त्यात कॉलिन्स होत्या. मतं पडली ५० विरुद्ध ५०, आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन्स यांच्या मताने विधेयक पार झालं. बाजूने पडलेल्या त्या पन्नास मतांत वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो आणि मोंटाना या तिन्ही राज्यांची दोन्ही मतं होती. बरोबर एक वर्षापूर्वी या राज्यांतल्या एकेका जागेवर अनुक्रमे जो मॅन्चिन, शेरॉड ब्राउन आणि जॉन टेस्टर बसत होते. तिघांपैकी एक जरी तिथे असता, तरी ते विधेयक त्या दिवशी पडलं असतं.